मंगलदास मार्केटमधले तुकडे

मुंबईत शेख मेमन स्ट्रीटवर जामा मशिदीला लागूनच मंगलदास मार्केट आहे. १८०२ मध्ये पूर्ण झालेली ही मशीद जुन्या तलावावर उभी आहे. शेजारी मात्र नुसता कापडाचा पूर. छपराखालच्या अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना रचलेली ठाणं आणि ‘आपा, काय दाखवू?’ म्हणेपर्यंत अर्धं ठाण उलगडून मोकळे होणारे दुकानदार.

मला ठाण नको होतं, तुकडे हवे होते. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलींच्या अम्मी घरी शिलाई करतात. कुर्ता बेतल्यावर उरलेल्या चिंध्या उशीत जातात, नाहीतर कचऱ्यात. त्यांच्या वाट्या आणि मणी करून चार पैसे सुटतील का, हे सुट्टीत पाहायचं होतं. म्हणून सुती, रेयॉन, जॉर्जेट असे सगळ्या जातींचे तुकडे घेतले. पुढे भुलेश्वरला चालत गेले. तिथे काचेच्या आणि प्लास्टिकच्या माळा इतक्या स्वस्त की हाताने केलेला मणी त्यांच्यापुढे किमतीत टिकणारच नाही, हे उभ्याउभ्याच कळलं.

घरी आल्यावर सुई घेतली. वाटीसाठी जाड सुती दोरीवर दोन बोटं रुंद पट्टी तिरकी गुंडाळायची, दोरीचा गोल वेटोळा करायचा आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला टाक्यांनी जोडत जायचं. बूड बशीएवढं झालं की पुढचा फेरा बाजूला न ठेवता वर ठेवायचा. भिंत आपोआप उभी राहते. टाका सैल असेल तर वाटी बसते. सुती कापड यात शहाण्यासारखं वागतं, जॉर्जेट सुईखालून निसटतं. लहानशा वाटीला तीन मीटर दोरी आणि तीन तास लागले. तसबीह, किल्ल्या, सुरमेदाणी ठेवायला छान; खजूर नकोत, डाग जात नाहीत.

मणी यापेक्षा झटपट होतो. लांब, निमुळता त्रिकोण कापायचा, रुंद बाजूकडून विणकामाच्या सुईवर घट्ट गुंडाळायचा, टोकाला गोंद लावायचा. मधोमध फुगीर, दोन्हीकडे निमुळता असा मणी तयार! तासाभरात वीसेक होतात.

मग हिशेब मांडला. तीन तासांच्या वाटीला बाजारात कोणी तीन तासांची मजुरी देणार नाही. बायकांना फुकट राबवणाऱ्या ‘हुनर’चं मला कौतुक नाही. मण्यांचं गणित वेगळं आहे. ज्या कापडाचा ईदचा जोडा, त्याच कापडाची माळ भुलेश्वरमध्ये कुठेच मिळत नाही. ती फक्त तो जोडा शिवणारीकडेच मिळेल. शिलाईबरोबर माळेचे पैसे वेगळे लावायचे, एवढंच मी त्या अम्मींना सांगितलं. दोघींनी पुढच्या ईदच्या शिलाईसाठी त्रिकोण कापून ठेवायला सुरुवातही केली आहे.