अल्बम नसलेली गाणी

प्रवासाला निघताना तुम्ही आधी बॅग भरता की प्लेलिस्ट? मी प्लेलिस्ट! परभणी जिल्ह्यातल्या पालमला, कॉलेजच्या मैत्रिणीच्या आजोळी जायचं ठरलं, तेव्हाही चांगली सहा तासांची भरली होती.

त्यात ‘गारवा’ हवाच. १९९८ चा अल्बम. आधी सौमित्रचं बोलणं, मग मिलिंद इंगळेंचं गाणं. असा अल्बम शफल करून ऐकायचाच नसतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने ऐकायचा. त्यानंतर किशोरीताईंचं ‘अवघा रंग एक झाला’. सोयराबाईंचा अभंग. हेडफोन लावून डोळे मिटले की ट्रेनमधली गर्दीसुद्धा गायब.

गंगाखेड स्टेशनवर उतरले. हे संत जनाबाईंचं गाव. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनीबरोबर खुद्द विठ्ठल दळायला बसायचा, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिथून एसटीने पालम. खिडकीबाहेर काळी जमीन, कापूस, सोयाबीन. टिपिकल तालुक्याचं गाव. टुरिस्ट स्पॉट म्हणाल तर गोदावरीच्या पात्रातलं जांभूळबेट. पण माझी ट्रिप वसूल झाली ती घराच्या मागच्या अंगणात.

मैत्रिणीच्या आजींना ओव्या येतात, असं कळलं होतं. मी लगेच मोबाईल पुढे धरला, ‘आजी, म्हणा ना!’ आजींनी दोन ओळी म्हटल्या आणि अडल्या. पुन्हा सुरुवात, पुन्हा ब्रेक. शेवटी वैतागून म्हणाल्या, ‘अगं माय, जात्याबिगर गाणं कसं येईल? हात फिरला की आपोआप येतं बघ.’

जातं होतं, पण कोपऱ्यात. गिरणी आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. खुंटासुद्धा गायब! पोरांनी एक लाकूड तासून ठोकलं. आजींनी मूठभर ज्वारी टाकली आणि जातं घरघरलं. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला आवाज लागला. मग वीस मिनिटं त्या थांबल्याच नाहीत. आधी देवांच्या ओव्या, मग आई-बापाच्या, मग भावाच्या. भावाशी आल्यावर आवाज थोडा ओला झाला. सगळं अगदी क्रमाने. मनात म्हटलं, अरे, हासुद्धा अल्बमच की! फक्त त्याला कव्हर नाही, कंपनी नाही.

रेकॉर्डिंग ऐकलं तर जात्याच्या घरघरीत निम्मे शब्द बुडालेले. आधी चुकचुकले. मग वाटलं, हा नॉइज नाही, हा तर आजींचा तानपुरा.

अशा ओव्या जपायचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी केलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या साईटवर त्या वाचता येतात आणि बऱ्याच ऐकताही येतात. याच परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज तिथे आहे. जरूर ऐका. एकदम आतपर्यंत जातो.

परतीच्या ट्रेनमध्ये हेडफोन बॅगेतच राहिले. मला माझी आजी आठवत होती. तीही दळताना गायची, असं आई सांगते. मी तिच्या हयातीत शेकडो सीडी जमवल्या. तिला मात्र एकदाही ‘म्हण ना’ म्हटलं नाही. आता तो अल्बम कुठल्याच दुकानात, कुठल्याच ॲपवर मिळणार नाही.

तुमची आजी असेल तर या वीकेंडला गावी जा. फोन चार्ज करून न्या. आणि जातं अजून शाबूत आहे का, तेवढं आधी विचारून ठेवा.