एकाच झाडाचे बारा पत्ते

मंडळी, वीकेंड असला तरी आजचा विषय थोडा ऑफिसचाच आहे. चालवून घ्या.

आमच्या रसायनीला नावं तीन. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर रसायनी, बाजारात उतरायचं तर रिक्षावाल्याला सांगायचं मोहोपाडा, आणि ग्रामपंचायत म्हणाल तर वासांबे-मोहोपाडा. पाहुणे गोंधळतात, पोस्टमन गोंधळत नाही, कारण त्याला माणसं माहीत असतात. गूगलला माणसं माहीत नसतात. त्याच्या लेखी पत्ता बदलला की घर बदललं.

आता काकांची गोष्ट. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा इथला कारखाना बंद करायला मंजुरी दिली. नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा, म्हणजे रॉकेटला लागणाऱ्या रसायनाचा प्लँट तेवढा इस्रोकडे गेला. काका तिथेच नोकरीला होते. मिळालेल्या पैशांतून त्यांनी रोपवाटिका टाकली. गिऱ्हाईक मुख्यतः कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवाल्यांचं. ही मंडळी मुंबई-पुण्यात बसून रोपं गूगलवर शोधतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावरच शोधतात. त्या दोन महिन्यांत जे होईल ते वर्षभर पुरवायचं.

काकांची साइट साधी पीएचपीची. पत्ता असा: इंडेक्स डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर १२. एका एजन्सीने सांगितलं की असले पत्ते गूगलला आवडत नाहीत, आम्ही छान करून देतो. आणि केलेही छान! आता पत्त्यात झाडाचं नाव दिसू लागलं. दोन महिन्यांनी काकांचा फोन, "अरे बाळा, तुझ्या गूगलला माझी झाडं दिसेनाशी झालीत का रे?"

झालं होतं असं. अपाचे सर्व्हरमध्ये मॉड-रीराइट नावाचं एक मॉड्यूल आहे, १९९६ पासूनचं. बाहेरून छान पत्ता आला की ते आतल्या आत त्याचा जुना पत्ता करतं आणि पान काढून देतं. पण म्हणून जुना पत्ता मरत नाही. तो थेट टाकला तरी तेच पान उघडतं. म्हणजे नवं दार पाडलं, जुनं बुजवलं नाही.

नवा पत्ता शेवटच्या तिरक्या रेघेसकट चालत होता आणि तिच्याशिवायही. जुना धरून तीन. डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू असलेले आणि नसलेले, म्हणून सहा. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, म्हणून बारा. साठ झाडांचे ७२० पत्ते! कहर म्हणजे त्यांचा नियम फक्त आयडी वाचत होता. बाराच्या पुढे हापूस लिहा नाहीतर वडापाव लिहा, आंब्याचंच पान यायचं.

याला गूगल शिक्षा करतं असं बरेच जण सांगतात (आणि त्या भीतीवर पॅकेजेस विकतात). तसं नाही. फसवायचा हेतू नसेल तर गूगल एकसारख्या पानांतून एक निवडतं आणि बाकीची मागे टाकतं. अडचण ही की निवड त्याची, तुमची नाही. शिवाय लोकांनी दिलेल्या लिंका वाटल्या जातात. काकांच्या बाबतीत जुन्या लिंका जुन्या पत्त्यांवर, साइटचा मेनू नव्यांवर, आणि रिझल्टमध्ये भलताच तिसरा.

गंमत म्हणजे खुद्द गूगलनेच सप्टेंबर २००८ मध्ये सांगितलं होतं की प्रश्नचिन्हवाले पत्ते आम्हाला वाचता येतात, नीट जमणार नसेल तर बदलू नका. आपल्याकडे हे कुणी मनावर घेतलं नाही. माझंही मत तेच. चालत्या साइटचे पत्ते नुसते दिसायला बरे म्हणून बदलू नयेत. पण इथे बदलून झाले होते.

मग एक शनिवार गेला. प्रत्येक झाडाला एकच पत्ता ठरवला आणि बाकी सगळ्यांवरून तिथे ३०१, म्हणजे कायमचा रीडायरेक्ट. इथे एक खोच आहे. जुना पत्ता नव्याकडे पाठवायचा आणि आतून नवा जुन्याकडे न्यायचा, असे दोन नियम नुसते लिहिले तर साइट भोवऱ्यात सापडते. म्हणून रीडायरेक्टच्या नियमाने ब्राउझरने मुळात काय मागितलं होतं तेच तपासायचं, आतला बदललेला पत्ता नाही. किंमतीप्रमाणे लावलेल्या याद्या रीडायरेक्ट करता येत नाहीत, त्यांना कॅनॉनिकल टॅग लावला. हा टॅग फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आणला. पण गूगल तो हुकूम मानत नाही, सूचना मानतं. एजन्सीने रोबोट्स फाइलमध्ये जुने पत्ते अडवून ठेवले होते, ते काढलं. दारच बंद असेल तर आतली "दुकान हलवले आहे" ही पाटी गूगलला दिसणार कशी?

खरा वैताग दिला तो मराठीने. ब्राउझर देवनागरी पत्ता टक्केवाल्या कोडमध्ये पाठवतो, एका खुणेची नऊ अक्षरं. "रसायनी" एवढ्या शब्दाची ५४! तेही चाललं असतं. पण "पांढऱ्या फुलांची रोपं" हे पान दोनदा दिसत होतं आणि डोळ्यांना फरक शून्य. शेवटी कोड उलगडून पाहिलं. "ऱ्या" दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. आपल्याला एकच शब्द, कॉम्प्युटरला दोन. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही हे दोन एक करत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहिला.

गूगलला सगळं पचायला काही आठवडे लागले. यंदा काकांचे फोन पुन्हा वाजले, तरी जूनचा पहिला पंधरवडा हातचा गेलाच. त्याची भरपाई कोण देणार?

रीडायरेक्ट कमीत कमी वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी काकांना तेच सांगितलं. ते म्हणाले, "वर्षभर? अरे, जुना पत्ता छापलेल्या दोन हजार पिशव्या पडल्यात माझ्याकडे." तेव्हा पिशव्या संपेपर्यंत तरी ती ओळ एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये राहील.