‘पान’ मागा, पाव मिळेल!

परक्या देशात माणसाची पहिली परीक्षा होते ती बाजारात. व्याकरण पक्के होईपर्यंत चूल काही थांबत नाही! स्पेनमध्ये नव्याने राहायला गेलेल्या गृहिणीला तिथल्या मंडईत पुष्कळदा रांगच दिसत नाही. येणारा मोठ्याने विचारतो, ‘क्येन एस एल उल्तिमो?’ म्हणजे, शेवटचा कोण? जो ‘यो’, म्हणजे ‘मी’, म्हणेल त्याच्यामागे आपला नंबर. हे चार शब्द ज्याला येत नाहीत, तो पिशवी घेऊन उभाच राहतो.

पुढचे सोपे आहे. ‘पोंगामे मेद्यो किलो’ म्हणजे अर्धा किलो द्या. ‘क्वांतो एस?’ म्हणजे किती झाले? ‘पान’ मागितले तर विडा नव्हे, पाव मिळतो. बटाट्याला म्हणतात ‘पाताता’. आपला बटाटा पोर्तुगीज ‘बताता’वरून आला, तेव्हा शब्दही नात्यातलाच!

सुपरमार्केटात तोंड न उघडताही सामान मिळते, पण ओळख होत नाही. मंडईत मात्र भाजीवाली एक दिवस आपणहून विचारते, ‘लो दे स्येम्प्रे?’ नेहमीचेच ना? त्या दिवसापासून परके गाव थोडेसे आपले वाटू लागते.