उघड्यावरची बैठक

पुणेकराची घराबाहेर बसण्याची हौस जुनी. वाड्याला ओसरी होती. पुढे बंगल्याला व्हरांडा आला आणि त्यात पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा. आता दहाव्या मजल्यावरच्या घरालाही गच्चीचा एक तुकडा असतो आणि त्या तुकड्यावर सोफा हवा असतो. फरक एवढाच की ओसरीला छप्पर होतं. आमच्या गच्चीवर थेट आभाळ आहे.

पुण्याचं आभाळ वरवर सोशिक. वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटर, लोणावळ्याच्या मानाने शिंतोडेच. पण ते जून ते सप्टेंबर भुरभुरत राहतात, काही म्हणून वाळू देत नाहीत. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. 30 एप्रिल 1897 रोजी तो 43.3 अंशांवर गेल्याची नोंद आहे. त्याच दिवसांत संध्याकाळी वळीव धूळ आणि पालापाचोळा घेऊन अंगावर येतो. थंडीत दव पडतं. आणि बारा महिने कबुतरं. सोफा घ्यायचा तो या साऱ्यांचा विचार करून.

आईला घेऊन दुकानं पालथी घातली. "बसून तर बघा, काकू," म्हणत विक्रेत्याने एका गुबगुबीत सोफ्याकडे बोट दाखवलं. आई बसली ती थेट तळाला गेली. "बसले खरी, आता उठवणार कोण?" तिथेच पहिला नियम ठरला: बैठक जमिनीपासून किमान 17 इंच, आणि उठताना भार घेतील असे रुंद, सपाट हात. चहाचा कपही त्यावर टेकला पाहिजे.

दुसरा नियम माझा: सोफा उलटा करून पाहायचा. लोखंडी सांगाडा गुळगुळीत नळीवर गंजत नाही, आधी सांध्यात गंजतो. वेल्डिंगच्या गाठीवरचा रंग जरा फुगलेला दिसला. नख लावलं तर पापुद्रा निघाला आणि खाली तपकिरी भुकटी. ॲल्युमिनियमला असा गंज चढत नाही, म्हणून वेतासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विणीखाली हल्ली तेच घालतात. ती वीणही पारखून घ्यावी लागते. उन्हाला टिकण्याचं औषध त्यात मिसळलेलं नसेल, तर ती ठिसूळ होऊन तुटू लागते.

गाद्यांपाशी मात्र मी रमले. साधा स्पंज पाणी पितो आणि सोडायचं नाव घेत नाही. श्रावणात त्याला कुबट वास न येता तरच नवल. विक्रेत्याने मोठ्या छिद्रांच्या फोमचा तुकडा बादलीवर धरला आणि वरून ग्लासभर पाणी ओतलं. ते क्षणभरही न रेंगाळता खाली धो धो पडलं. खोळीचं कापडही असंच निगुतीचं: त्यात रंग कापडावर चढवलेला नसतो, धागा तयार होतानाच त्याच्या पोटात घातलेला असतो, म्हणून उन्हात तो लवकर उडत नाही.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्या एका सुतारकाकांनी हेच लाकडाच्या भाषेत सांगितलं. "ताई, सागाच्या अंगातच तेल आहे, त्याला पावसाची भीती नाही. साचलेलं पाणी वाईट. पट्ट्यांत फटी ठेवा."

मग डोळ्यांपुढे आली ती नवारीची खाट, वेताच्या जाळीची आरामखुर्ची, बुरुड आळीतली बांबूची चिक. आपल्याकडे ऊन-वाऱ्यात वावरणाऱ्या वस्तू अशाच सच्छिद्र आहेत. आत आलेल्याला त्या अडवून धरत नाहीत. वारा, पाणी, घाम, साऱ्यांना वाट देतात. दुकानांतून मी आजवर 'वॉटरप्रूफ' हा शब्द ऐकत होते, म्हणजे पाण्याला मज्जाव. सुतारकाकांचा भर पाणी निघून जाण्यावर होता, आणि आरामही त्यातच होता. रेक्झिनवर मे महिन्यात दोन मिनिटं बसून पाहावं, पाठ चिकटते. फटींच्या पाठीला वारा लागतो.

शेवटी सागवानी पट्ट्यांचाच सोफा केला. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, पायांखाली नायलॉनची बटणं, गाद्या उचलून आत नेता येतील अशा सुट्या. उघड्यावरचा साग हळूहळू राखाडी, रुपेरी होत जातो. मजबुती तीच राहते, फक्त वरचा रंग उन्हाने नेलेला असतो. मला तो तसाच हवा आहे. आईचं मत वेगळं: "लोक म्हणतील, पॉलिशला पैसे नव्हते." हा वाद दर दिवाळीला नव्याने होतो, त्याच सोफ्यावर, दोघी ऐसपैस बसून.