खळ आणि चौकट

जुहू,
रविवार सकाळ

चि. सोनू,


फोटो पोचला. रात्री भिंती रंगवणाऱ्या त्या मुलाचा वुडकट तू पहिल्या पगारातून घेतलास, आणि खाली पेन्सिलीने ७/२५ लिहिलंय म्हणून विचारतेस, ‘मामा, सातवा म्हणजे चांगला ना?’ अगं, हा शाळेतला नंबर नव्हे. पंचवीस ठसे काढले, त्यांतला हा एक, एवढंच. कागद वाळले की चित्रकार गठ्ठा पुढे घेऊन आकडे टाकत, सह्या करत बसतो. सातवा खरंच सातवा निघाला होता का, हे पुष्कळदा त्यालाही सांगता यायचं नाही.

विचारायचंच तर त्याला हे विचार, की कोरलेल्या फळीचं पुढे काय केलंस? तांब्याच्या पत्र्यावर नुसत्या सुईने ओढलेली रेघ थोड्याच ठशांत दबते. लाकडाचं तसं नाही. नीट वापरलं तर ते शेकड्यांनी ठसे देतं. पंचविसावर थांबतो तो माणूस. म्हणून काही जण शेवटचा ठसा निघाला की फळीवर तिरपी चीर मारून ती बाद करतात. मात्र एकच फळी थोडी थोडी कोरत त्याने रंगावर रंग चढवला असेल, तर प्रश्नच मिटला. काळा छापायची वेळ येते तोवर पिवळ्याची फळी कोरून संपलेली असते. तुझ्या चित्रात पिवळ्यावर लाल, लालवर काळा दिसतोय, म्हणून मला तीच शंका आहे.

आता या आकड्याबद्दल माझ्या मनात जी अढी आहे तिचं कारण सांगतो. इथे पृथ्वी थिएटरला इप्टा या नाट्यसंस्थेचं नाटक असलं की मी जातो. इप्टाची खूण तू पाहिली असशील, नगारा वाजवणारा माणूस. ते चित्र चित्तप्रसाद भट्टाचार्यांचं. हे गृहस्थ १९४६ साली मुंबईत आले आणि पुढे वर्षानुवर्षं आपल्या शेजारच्या अंधेरीत, रूबी टेरेसमध्ये राहिले. लिनो आणि लाकूड कोरून त्यांनी कितीतरी ठसे काढले. राबणाऱ्या मुलांवरची त्यांची लिनोकटची मालिका १९६९ मध्ये युनिसेफच्या डॅनिश समितीने पुस्तकरूपात छापली. पण पेन्सिलीने आकडे घालून मोजक्या प्रती विकायच्या, हा त्यांचा रिवाज नव्हता. ठसा स्वस्त हवा, पुष्कळांपर्यंत जायला हवा. त्यामुळे त्यांच्या हयातीत त्याला बाजारभाव असा नव्हताच.

१९४३च्या दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यात चित्रं काढत पायी हिंडले होते. त्या चित्रांच्या ‘हंग्री बेंगाल’ या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. ज्याच्या प्रती सरकारने जाळल्या, त्याला ‘मोजक्याच प्रती’ या शब्दांचं कौतुक कसं वाटावं? हा तर्क माझा, पण तो मला सोडवत नाही. १९७८ मध्ये ते गेले. २०११ मध्ये दिल्लीच्या एका कलादालनाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि आता संग्राहक तेच बिनआकड्याचे कागद शोधत फिरतात.

म्हणून तू घेतलंस ते चुकलं, असं नाही हं. मुलाला कागद-शाईचे पैसे सुटायला हवेत, आणि पालिकेने एका रात्रीत पांढरी केलेली भिंत काही कुणी विकत घेत नाही.

जपणुकीचं मात्र नीट ऐक. सेलोटेप लावू नकोस. मी एका ठशाला मागून लावली होती. चार पावसाळ्यांत पिवळा पट्टा पुढे उमटला, तो अजून माझ्याकडे बघतो. काच कागदाला टेकू द्यायची नाही, मध्ये माउंट हवाच, तोही आम्लरहित पुठ्ठ्याचा. बाहेरच्या, दमट भिंतीवर टांगू नकोस. समुद्राकाठी आमच्याकडे बुरशी आणि कसर दोघी भाडं न देता राहतात. पुण्यात तुला एवढा त्रास नाही.

उलट, ठसा मुद्दाम न जपणारेही असतात. तिकडे न्यूयॉर्कला स्वून नावाची एक बाई आहे. माणसाच्या उंचीचे ठसे काढून ती भिंतींवर खळीने चिकटवायची आणि ऊनपावसात फाटायला सोडून द्यायची. मेक्सिकोत ओआहाकाला २००६च्या शिक्षक-आंदोलनात चित्रकारांनी लाकूड कोरून काढलेले ठसे असेच रस्त्यांवर डकवले. तेव्हा तुझ्या त्या मुलाला माझ्यातर्फे आणखी एक विचार. पंचवीस विकायला ठेवले, ठीक. सव्विसावा साध्या कागदावर काढून कुठे भिंतीला लावला का? मुंबईत लावला असेल तर पत्ता लगेच कळव. पाऊस तोंडावर आलाय, त्याच्या आत बघून येतो.

तुझा,
मामा