नवा उस्ताद, जुना हात

गेल्या एप्रिलमध्ये जयंतीला धाकटा मुलगा सुट्टी काढून केमला आला. एरवी स्टेशनवरून घरी यायला त्याला तास लागतो. दहा ठिकाणी थांबतो, पोरे भोवती जमतात, कुणी दंड चाचपून बघते. यंदा सरळ घरी आला, बॅग कोपऱ्यात टाकली आणि हातपाय धुऊन आईशेजारी जाऊन बसला. मी ओळखले, पोराचे काहीतरी बिनसले आहे.

तो फौजेत आहे. अठराव्या वर्षी भरती झाला, त्याला आता आठ वर्षे झाली. पलटणीच्या बॉक्सिंग टीममध्ये खेळतो आणि तिथे त्याला ओळखतात ते या खेळामुळेच. रात्री जेवताना त्याने तोंड उघडले. जुने उस्ताद निवृत्त झाले, त्यांच्या जागी नवे आले. (आपल्या तालमीतला वस्ताद तोच फौजेतला उस्ताद.) या नव्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात त्याची उभे राहण्याची ठेवणच मोडायला काढली.

त्याची ठेवण मला ठाऊक आहे. डावा हात कमरेपाशी सैल सोडायचा. समोरच्याला वाटते, तोंड उघडे पडले. तो ठोसा टाकत आत येतो. हा कमरेतून मागे झुकतो, ठोसा हवेत जातो आणि याचा उजवा हात त्याच्या जबड्यावर बसतो. याच एका उजव्यावर त्याने इतकी वर्षे काढली. जुन्या उस्तादांनी त्याला कधी हात लावला नाही. नवे म्हणतात, डावा गालापाशी पाहिजे, पायातले अंतर कमी कर आणि डाव्याचा सरळ ठोसा आधी टाक. तीन महिने तसे केले. ज्या पोराला तो सहज हरवायचा, त्याच्याकडून सरावात दोनदा हरला.

"आबा, मला माझाच हात परका वाटतोय," तो म्हणाला. "टीम सोडून साधी ड्युटी घेऊ का?"

मी लगेच उत्तर दिले नाही, त्याला कारण आहे. मीही विसाव्या वर्षापर्यंत तालमीत जात होतो. उंचीने बुटका, पण चपळ. खडाखडी चालू असतानाच खाली बसून पट काढायचा, हा माझा हुकमी डाव. मग आमचे वस्ताद थकले आणि दुसऱ्या गावचे वस्ताद आले. ते उंच माणूस, ढाक लावण्यात त्यांचा हातखंडा. ढाक शिकल्याशिवाय पैलवान होत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी वर्षभर ढाकेच्या मागे लागलो. माझ्या उंचीला ढाक काही बसली नाही आणि पटाची चपळाईही गेली. एका जत्रेत माझ्यापेक्षा हलक्या पोराने मला चितपट केले. त्यानंतर मी लंगोट खुंटीला टांगला आणि रेल्वेच्या गँगमध्ये लागलो. त्यांचे नाव मी घेणार नाही. माणूस चांगला होता, फक्त त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही, स्वतःकडे पाहून मला शिकवले.

त्यामुळे माझ्या तोंडावर "सोड" हाच शब्द आला होता. पण मोठी मुलगी घरी होती. ती म्हणाली, "आबा, तुमच्या एका कुस्तीवरून त्याचा निकाल लावू नका." तिने मोबाईलवर शोधून शोधून जुन्या लढती लावून दिल्या, आणि आम्ही बापलेक तीन रात्री त्या पाहत बसलो.

खाशाबा जाधव आपल्या घरात सर्वांना माहीत. कराडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या मातीत तयार झालेले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा ते नवशिके नव्हते. पण तिथे माती नव्हती, गादी होती आणि नियमही वेगळे. तिथे त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगीराचे मार्गदर्शन मिळाले. त्या वेळी सहावा नंबर आला. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीत कांस्यपदक. तयार पैलवानाला नवी गोष्ट शिकता येते, हे खरे, पण या दोन सालांच्या मधला काळ लोक विसरतात.

अलीकडचे उदाहरण बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेचे. त्याचे वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार २०११ साली गेले. पुढे तो काका पवारांकडे तयार झाला. २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळाले आणि ते त्याने बिराजदारमामांना अर्पण केले. दुसऱ्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. नव्या वस्तादाच्या हाताखाली राहून जुन्याचे नाव घेता येते, यात कुणाचा अपमान होत नाही. हे मी मुलाला मुद्दाम सांगितले, कारण जुन्या उस्तादांशी बेइमानी होते की काय, हेही त्याच्या मनात होते.

पण कुस्ती वेगळी, बॉक्सिंग वेगळे. बॉक्सिंगमध्ये चूक झाली तर पाठ लागत नाही, डोके फुटते. लेनॉक्स लुईस हा इंग्लंडचा वजनदार गटातला जगज्जेता. १९९४ साली लंडनमध्येच ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्या राऊंडमध्ये पाडले. मॅकॉलच्या कोपऱ्यात उस्ताद होते एमॅन्युएल स्टुअर्ड. लुईसने काय करावे? पुढे त्याच स्टुअर्डना आपले उस्ताद केले! ज्याला आपली उघडी बाजू दिसली, तोच ती झाकायला शिकवील, असा हिशेब. मला ही अक्कल फार आवडली. १९९९ साली लुईस होलिफिल्डला हरवून निर्विवाद जगज्जेता झाला.

स्टुअर्डकडेच पुढे युक्रेनचा व्लादिमीर क्लिच्को गेला. साडेसहा फूट उंच, ऑलिंपिकचे सुवर्ण मिळवलेला. नव्या उस्तादाबरोबरची पहिलीच लढत तो एप्रिल २००४ मध्ये हरला, लॅमन ब्रूस्टरकडून, पाचव्या राऊंडमध्ये. लोकांनी त्याला मोडीत काढले. पण तो स्टुअर्डना सोडून गेला नाही. उंचीचा फायदा घेत डाव्याच्या सरळ ठोशाने समोरच्याला लांब ठेवायचे, हे त्याच्या अंगात मुरले, आणि नंतर नोव्हेंबर २०१५ पर्यंत तो हरला नाही. मुलाने ही लढत दोनदा पाहिली. काही बोलला नाही.

फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ २००१ साली फ्रेडी रोचकडे गेला, तेव्हा त्याचा डावा हात म्हणजे तोफ होती. उजवा जवळजवळ नुसता सोबतीला. रोचने डावा तसाच ठेवला आणि उजवा घडवत नेला. तरी २००५ साली तो एरिक मोरालेसकडून हरला. पुढच्या वर्षी त्याच मोरालेसला त्याने दोनदा झोपवले. म्हणजे किती वर्षे गेली, मोजा.

उलटेही घडते, तेही सांगितले पाहिजे. माईक टायसनला घडवणारे कस डमाटो १९८५ साली वारले. त्यांच्याच तालमीतले केविन रूनी टायसनजवळ होते, त्यांना १९८८ साली काढून टाकले. डोके हलवत आत शिरायची टायसनची सवय हळूहळू सुटत गेली, आणि १९९० साली टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या राऊंडमध्ये पाडले. दोष एकट्या उस्तादांचा नव्हे, टायसनचे बाकीचे वागणेही तसेच होते. पण अंगवळणी पडलेली चांगली सवयसुद्धा राखणारा माणूस लागतो.

माझी पत्नी कुंकवाच्या कारखान्यात हळद चाळायला जाते. ती भाकरी थापता थापता हे सगळे ऐकत होती. म्हणाली, "आमच्याकडं नवा मुकादम आला. त्यानं चाळणी बदलली, हळद न्हाई बदलली. तुझा उस्ताद चाळणी बदलतोय का हळद, एवढं बघ की."

आम्ही हसलो. पण मुलगी उठली आणि तिने भावाच्याच दोन लढती लावल्या. एक चार वर्षांपूर्वीची, एक मागच्या वर्षीची. दोन्ही तो जिंकलेला. दोन्हींत डावा खाली, तसाच मागे झुकणे. पहिल्या लढतीत समोरच्याचा ठोसा त्याच्या नाकापासून चार बोटांवरून जातो. दुसऱ्या लढतीत तोच ठोसा कपाळावर लागतो. एकदा नाही, मी मोजले, सात वेळा. हा जिंकला म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, कुणी मोजले नव्हते. त्याच्या आईने फोन उलटा घातला आणि म्हणाली, बास.

बाविसाव्या वर्षी अंग जेवढे झटकन मागे जाते तेवढे सव्विसाव्या वर्षी जात नाही. काही अंगुळांचाच फरक, पण रिंगमध्ये तेवढाच पुरतो. नव्या उस्तादांना तो पहिल्या आठवड्यात दिसला. मला, बाप असून, तोवर दिसला नव्हता.

तरी माझी ढाक मी विसरलो नव्हतो. मी मुलाला म्हणालो, "परत गेल्यावर उस्तादांना एकच विचार. माझ्या उजव्याचं काय करणार? त्यांनी उजव्याचं नावच काढलं नाही, तर साधी ड्युटी घे, मी काही म्हणणार नाही."

आठ दिवसांनी फोन आला. त्याने विचारले होते. उस्ताद हसले म्हणे. म्हणाले, "तुझ्या उजव्यासाठीच तर डावा वर घ्यायला लावतोय. समोरच्याला तू उजवा टाकशील हे आता पाठ झालंय. डाव्याकडं त्याचं लक्ष गेलं की उजव्याला वाट मिळंल."

मुलगा टीममध्येच आहे. मधल्या काळात अजून एक लढत हरला. त्याची आई फोनवर आधी "डोक्याला लागलं का?" एवढेच विचारते, निकाल नंतर. परवा तो सांगत होता, डावा हात आता दोन राऊंड वर राहतो. तिसऱ्यात दम लागला की आपोआप कमरेपाशी येतो, आणि उस्ताद दोरीबाहेरून ओरडतात.

"काय ओरडतात?" मी विचारले.

"'केम!' म्हणून ओरडतात, आबा. गावाच्या नावानंच हाक मारतात. मग हात वर जातो."