अकरावा दात

आमच्या भाच्यांपैकी थोरला पांढुर्ण्यात राहतो, धाकटा सौंसरला. दोघेही संत्र्यांची वाहतूक करतात, गाड्याही एकाच बनावटीच्या. २०२३ साली पांढुर्ण्याचा वेगळा जिल्हा होऊन सौंसर त्यात आले. दोघांचे रस्ते मात्र निराळेच राहिले.

डिझेल वाचावे म्हणून थोरल्याने कर्ज काढून पिकअपच्या मागच्या ॲक्सलमधील क्राउन-पिनियनची जोडी बदलली. क्राउनचे दात ४१ च राहिले, पिनियनचे दहाचे अकरा झाले. आंबिया बहार सरता सरता तो हिरमुसून आमच्याकडे आला. ''मामा, पैसे पाण्यात गेले. ॲव्हरेज पूर्वीहून कमीच दिसते.''

दात एकच, पण त्याची मजल लांब. चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्टचे पूर्वी ४.१ फेरे लागत, आता सुमारे ३.७३. चाकाचा घेर २.१ मीटर धरला आणि टॉप गिअर थेट असला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला १,९५० ऐवजी सुमारे १,७७५ फेरे घेते. फेरे घटले की इंजिनातील घर्षणही घटते. फेऱ्यांच्या प्रमाणातच डिझेल वाचेल असे मात्र नाही. वाऱ्याचा अडथळा आणि टायरांची ओढ तशीच राहते. तरीही ॲव्हरेज उतरण्याचे कारण दिसेना.

कारण मीटरमध्ये होते. त्या गाडीचा मीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाशी शाफ्टचे फेरे मोजतो, आणि तेही जुन्या जोडीच्या हिशेबाने. गाडी ११० किलोमीटर गेली तरी तो १०० च दाखवी. याहून वाईट म्हणजे काटा ६० वर असताना गाडी ६६ ने धावे! त्या वेगाला इंजिनाचे फेरे पूर्वीइतकेच, आणि वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढलेला. मग टाकी काठोकाठ भरून, काटा ५५ च्या वर न नेता, नागपूर रस्त्याच्या किलोमीटरच्या दगडांवरून आम्ही अंतर मोजले. डिझेल वाचत होते. बेताचेच, पण वाचत होते.

हे कळताच धाकट्यानेही तीच जोडी बसविण्याचे मनात घेतले. आम्ही त्याला थांबविले. त्याचा माल छिंदवाड्यावरून जबलपूरकडे जातो, म्हणजे वाटेत सिल्लेवानीचा घाट. अकरा दातांनी चाकाला मिळणारा जोर घटतो. भरली गाडी जिथे तिसऱ्या गिअरवर चढते तिथे दुसरा टाकावा लागला, की सपाटीवरची कमाई घाटात जाते; वळणावर थांबलेली गाडी उठविताना क्लच झिजतो तो वेगळाच.

धाकट्याच्या गाडीत पिनियन दहा दातांचीच आहे. थोरल्याने मीटरच्या काचेवर ५५ पाशी लाल पट्टी चिकटविली आहे.